ब्रेक दाबला की मागचा दिवा मंदावतो? वायरिंग सेट बदलण्याआधी अर्थिंग बघा

प्रश्न गोव्यातल्या पेडण्याच्या एका पायलटाचा, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणाऱ्याचा आहे. गाडी २०१२ सालची, १५० सीसी, सगळे दिवे बॅटरीवर चालणारे. मागचा लाल दिवा एरवी ठीक पेटतो, पण ब्रेक दाबला की उजळायचं सोडून उलट मंद होतो. दिव्यांचं बटण बंद ठेवून नुसता ब्रेक दाबला तर पुढचा पार्किंगचा बल्ब मिणमिणतो. बल्ब बदलून झाला, पायब्रेकचा स्विच बदलून झाला, आता गॅरेजवाला म्हणतो अख्खा वायरिंग सेट टाकावा लागेल. पाऊस तोंडावर आलाय आणि गाडी उभी राहिली तर भाडं बुडतं. काय करावं?

वायरिंग सेट टाकू नका. तुम्ही दोन लक्षणं सांगितलीत आणि दुसरं फार मोलाचं आहे. मागे ब्रेक दाबल्यावर पुढचा दिवा मिणमिणतो, याचा अर्थ करंट मागे पोचतोय, पण परतायला त्याला सरळ वाट नाही. म्हणजे मागच्या दिव्याचा अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी जोडणी) कमजोर झालाय. स्विच चांगला होता, बल्बही बहुधा चांगलाच होता.

हे कसं होतं ते एकदा समजून घेतलं की पुढची सगळी तपासणी सोपी जाते. मागचा बल्ब १२ व्होल्ट, २१/५ वॅटचा असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट. ५ वॅटचं रात्री सतत पेटणाऱ्या दिव्याचं, २१ वॅटचं ब्रेकचं. बुडाला शिशाचे दोन ठिपके दिसतात ते दोघांचे वेगवेगळे प्लस. मायनस मात्र दोघांचा एकच, बल्बचं बाहेरचं धातूचं अंग. हे अंग होल्डरला टेकतं, होल्डरमधून अर्थची वायर निघते आणि चेसिसवरून किंवा हार्नेसमधून (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातून) बॅटरीच्या मायनसला जाते.

५ वॅटचं फिलामेंट साधारण ०.४ अँपिअर घेतं, २१ वॅटचं पावणेदोन. आता समजा अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज बसून ५ ओहमचा अडथळा झालाय. नुसता मागचा दिवा पेटलेला असतो तेव्हा त्या अडथळ्यात दोनेक व्होल्ट जातात, डोळ्याला फारसं कळत नाही. म्हणून तुम्ही म्हणता ‘एरवी ठीक पेटतो’. ब्रेक दाबलात की तिथून एक अँपिअरच्या वर करंट जायला बघतो आणि एकट्या गंजावर पाच-सहा व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या अर्ध्या व्होल्टेजवर दोन्ही फिलामेंटं लालसर, मेल्यासारखी. दिव्यांचं बटण बंद असेल तर आणखी गंमत. न्हाणीची मोरी तुंबली की पाणी उंबऱ्यावरून घरात शिरतं, तसा हा करंट ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा टेल लाइटच्या वायरमध्ये शिरतो, त्याच वायरवर असलेल्या पार्किंगच्या बल्बपर्यंत जातो आणि त्याच्या चांगल्या अर्थमधून बॅटरीला मिळतो. पुढचा दिवा मिणमिणतो तो यामुळे. काही गाड्यांत मागच्या इंडिकेटरचा अर्थही याच वायरला जोडलेला असतो. तिथे इंडिकेटर लावल्यावर टेल लाइट लुकलुकतो. रोग तोच.

आता खात्री करून घ्या. दोनेक मीटर वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. एक टोक बॅटरीच्या मायनसला घट्ट धरा, दुसरं मागच्या होल्डरच्या धातूच्या अंगाला. गंज दिसत असेल तिथे स्क्रू ड्रायव्हरने जरा खरवडून मग लावा. दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख पेटला तर निकाल लागला. चावी चालू, इंजिन बंद ठेवून हे करता येतं आणि यात काही जळण्याची भीती नाही, कारण तुम्ही मायनसला मायनसच जोडताय. फक्त वायरचं मोकळं टोक बॅटरीच्या प्लसला लागू देऊ नका.

मल्टीमीटर असेल तर आणखी नेमकं कळतं, पण तो बरोबर वापरला तरच. बरेच जण बल्ब काढतात, होल्डरच्या ठिपक्यावर प्रोब टेकवतात, १२ व्होल्ट दिसले की ‘वायरिंग ओके’ म्हणून मोकळे होतात. बल्ब काढल्यावर वायरमधून करंटच जात नाही. वायरच्या आतले सगळे केस (बारीक तारा) तुटून एकच कुजका शिल्लक राहिला असेल तरी मीटर १२ दाखवणारच, कारण मीटरला चालायला जवळजवळ काहीच करंट लागत नाही. पावणेदोन अँपिअर ओढायची वेळ आली की तो एक केस माघार घेतो. म्हणून बल्ब जागेवर, ब्रेक दाबलेला, करंट वाहतोय, अशा वेळीच मोजायचं. नाहीतर मीटर ठेवून द्या आणि २१ वॅटच्या जुन्या बल्बला दोन वायरी लावून त्याचाच टेस्टर करा. माझ्या मते मागच्या दिव्याच्या कामाला तो मीटरपेक्षा भरवशाचा. मात्र हल्लीच्या गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा एबीएसकडे (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेकडे) जाणाऱ्या वायरींवर तो लावायचा नाही.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर कायम. ब्रेक दाबून धरायला लावा आणि लाल प्रोब होल्डरच्या अंगाला टेकवा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ उत्तम. अर्धा व्होल्ट आला तरी मी काम काढतो. तुमच्या गाडीत चार-पाच व्होल्ट येतील असा माझा अंदाज आहे. मग लाल प्रोब एकेक पाऊल बॅटरीच्या दिशेने सरकवत न्या: होल्डरचं अंग, होल्डरमधून निघालेल्या अर्थ वायरचा जोड, सीटखालच्या कपलरची (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाची) मागची बाजू, त्याच कपलरची पुढची बाजू, चेसिसवरचा अर्थचा बोल्ट. जिथे आकडा एकदम पडतो, दोष त्या दोन जागांच्या मध्ये. होल्डरला ४.८ आणि लगेच पुढे वायरला ०.१ असेल तर होल्डर आणि वायरचा जोड गेलाय. कपलरच्या मागे ४.८ आणि पुढे ०.१ असेल तर कपलरची पिन.

आपल्याकडे हे दोष सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि हरमल-मोरजीच्या बाजूला फिरणाऱ्या गाडीला वर खारा वारा. मागचं चाक लाल मातीचं पाणी सरळ मडगार्डच्या आत फेकतं, ते दिव्याच्या पाठीमागून होल्डरवर बसतं. होल्डरच्या पत्र्याला वायर रिव्हेटने नाहीतर नुसती दाबून बसवलेली असते, तो जोड पहिला जातो. दुसरी जागा सीटखालचा कपलर. तो उघडून नीट बघा. पितळी पिनेवर हिरवी पूड दिसली तर ती पिन कळकलीय. पिन वरून चकचकीत दिसली तरी फसू नका. तिला वायर जिथे दाबून बसवलीय ते टोक चिमटीत धरून हलकं ओढा. कित्येकदा वायर हातात येते आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. तिसरी जागा चेसिसचा बोल्ट. गाडीला कुणी हौसेने रंग मारला असेल तर अर्थच्या लगखालीही (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखालीही) रंग गेलेला असतो, आणि रंगातून करंट जात नाही.

दुरुस्ती करताना घाई नको. काळं पडलेलं तांबं कथील धरत नाही. वरून कितीही पेस्ट लावा, कथिलाचा गोळा नुसता चिकटून बसतो आणि महिन्याभरात सुटतो. वायर थोडी थोडी कापत मागे जा, आत लालबुंद तांबं लागेपर्यंत. बोटभर जाईल, कधी वीतभर. मग नवा तुकडा जोडा. जोड क्रिम्प करा (धातूच्या नळीत दाबून बसवा) आणि आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब चढवा. नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उन्हाने तिचा चिकटा पातळ होतो, टेप सुटते आणि पावसात तीच पाणी धरून ठेवते. सोल्डर करायचाच तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी वायर कुठेतरी बांधून घ्या. सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने बरोबर त्याच रेषेवर तुटते.

जुना जोड सापडला, दुरुस्त झाला, तरी तुमच्या गाडीला मी एक स्वतंत्र अर्थ वायर देईन. एक स्क्वेअर मिलिमीटरची काळी वायर होल्डरच्या पत्र्याला कथिलाने पक्की जोडायची, हार्नेसच्या सोबतीने आणायची आणि लग लावून थेट बॅटरीच्या मायनसला, नाहीतर चेसिसच्या बोल्टला. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, दातेरी वॉशर टाका, घट्ट आवळा आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस थापा. आधी ग्रीस लावून मग आवळणारे लोकही आहेत. मला पत्र्याला पत्रा भिडलेला बरा वाटतो. वायर होल्डरजवळ खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकून जातं, जोडात शिरत नाही. एवढं काम अर्ध्या दिवसात होतं आणि सामान किरकोळ लागतं.

स्वतंत्र वायर लावूनही मंदच राहिला, तर होल्डरच्या आत डोकवा. बुडाच्या स्प्रिंगा दमतात, बल्ब वर ढकलला जात नाही, आणि उष्णतेने खालची फायबरची चकती वितळून वाकडी झालेली असते. असा होल्डर घासत बसू नका, बदला. बल्बही पुन्हा बघाच. २१/५ च्या बल्बच्या अंगावरच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच दिशेने बसावा. इंडिकेटरचा एकाच ठिपक्याचा बल्ब कुणी जोर लावून त्यात बसवला की तो एक ठिपका दोन्ही प्लसना एकत्र टेकतो. तेव्हाही ब्रेक दाबल्यावर पार्किंग पेटतो, पण मिणमिणत नाही, चांगला लख्ख पेटतो. बल्बच्या आतलं तुटलेलं फिलामेंट शेजारच्यावर पडलं तरी असंच काहीतरी होतं. मंद पेटला तर अर्थ, लख्ख पेटला तर दोन प्लस एकमेकांना भिडलेत, हा फरक लक्षात ठेवा.

तुमचा प्रश्न इथे सुटायला हवा. पण याच कामासाठी लोक वेगवेगळी लक्षणं घेऊन येतात, म्हणून बाकीचंही सांगतो.

टेल लाइट ठीक, ब्रेक लाइट मात्र अजिबात नाही, अशी तक्रार असेल तर आधी हातब्रेक आणि पायब्रेक वेगवेगळे दाबून बघा. दोन्ही स्विच समांतर जोडलेले असतात. एकाने पेटतो आणि दुसऱ्याने नाही, तर दोष त्या दुसऱ्या स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा. दोन्हींनी पेटत नसेल तर दोन्ही स्विच एकदम जाण्यापेक्षा बल्बचं २१ वॅटचं फिलामेंट तुटलेलं असण्याची शक्यता जास्त. बऱ्याच गाड्यांत हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट एकाच सप्लायवर असतात. हॉर्न वाजतोय म्हणजे तिथपर्यंत फ्यूज ठीक. स्विचवर संशय असेल तर त्याच्या दोन वायरी काढून वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. दिवा पेटला तर स्विच गेला. नवा आणण्याआधी पायब्रेकचा स्विच आणि त्याची स्प्रिंग धुऊन बघा, त्यात चिखल घट्ट बसून दांडी अडकलेली असते.

ब्रेक लाइट कायम पेटलेला राहतो, ही तक्रार ब्रेकचे लाइनर आवळून झाल्यावर हमखास येते. पेडलची उंची बदलली की स्विचची स्प्रिंग ताणलेली राहते. स्विचच्या अंगावर एक प्लास्टिकचा नट असतो. स्विच हाताने धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. स्विच फिरवलात तर वायरी पिळून तुटतात. ब्रेक पकडायच्या किंचित आधी दिवा पेटला पाहिजे. हे दुरुस्त न करता चालवत राहिलात तर पावणेदोन अँपिअर सतत जात राहतात, आणि त्याहून वाईट म्हणजे मागच्याला तुम्ही ब्रेक कधी मारला ते कळतच नाही. मोपाच्या रस्त्यावर रात्री विमानतळाचं भाडं घेऊन जाताना मागून टॅक्सी किती वेगात येतात ते तुम्हाला सांगायला नको.

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्यात चांदीचा कागद किंवा तांब्याची तार कधीही घालू नका. मग फ्यूजऐवजी हार्नेस जळतो, आणि पेट्रोलची टाकी त्याच्याच वर असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा टेस्टर बल्ब लावा. हेडलाइट बंद, बाकी काही चालू नाही, तरी टेस्टर लख्ख पेटला तर कुठेतरी प्लस वायर चेसिसला लागलीय. बल्ब मध्ये असल्यामुळे करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जात नाही, काही जळत नाही, आणि तुम्हाला निवांत शोधता येतं. एकेक कपलर सुटा करत जा. ज्या कपलरला टेस्टर विझेल, शॉर्ट त्याच्या पुढे. टेस्टर फक्त ब्रेक दाबल्यावर लख्ख होत असेल तर शॉर्ट स्विचपासून दिव्यापर्यंतच्या वायरीत आहे. तिथे मात्र नीट बघा, कारण धडधाकट ब्रेक लाइटसुद्धा टेस्टरला अर्धवट पेटवतो. बल्ब काढूनही टेस्टर लख्ख राहिला तरच शॉर्ट म्हणायचा. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून बघा, सीटवर बसून हला, मडगार्ड हलवा. टेस्टर फडफडला की जागा सापडली. कॅरियर किंवा साडीगार्ड नंतर बसवलेलं असेल तर आधी तेच बोल्ट खोला. लांब बोल्टाचं टोक आतून हार्नेसमध्ये घुसलेलं मी पुष्कळ वेळा बघितलंय.

जुन्या १०० सीसी गाड्यांचं गणित वेगळं. त्यांच्यात हेडलाइट आणि टेल लाइट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या जनित्राच्या) एसीवर, आणि ब्रेक लाइट, हॉर्न, इंडिकेटर बॅटरीवर. चावी चालू, इंजिन बंद, टेल लाइट पेटत नाही, हा त्या गाड्यांत दोषच नव्हे. तिथे मागचा दिवा तपासताना इंजिन चालू हवं आणि मीटर एसीवर. वर दिलेली मंद होण्याची खूणही त्यांत इतकी स्वच्छ दिसत नाही. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन सुरू असेतो हेडलाइट कायम चालू ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत दिव्यांचं बंद करायचं बटणच सापडणार नाही.

बल्ब सारखे उडत असतील तर इंजिन जरा रेस करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. साडेतेरा ते साडेचौदा बरोबर. पंधराच्या वर जात असेल तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) गेलं. व्होल्टेज ठीक असेल तर दिव्याखालची रबरं बघा, ती सुकली की थरथरीने फिलामेंट तुटतं.

एलईडी बल्बबद्दल मला नेहमी विचारतात. चांगल्या दर्जाचा, दोन ब्राइटनेसचा, लाल काचेसाठी लाल एलईडी असेल तर हरकत नाही, करंट कमी लागतो. पण अर्थ खराब असताना एलईडी टाकून रोग झाकू नका. तो कमी करंटमुळे काही महिने चालतो, गंज मात्र आत वाढतच राहतो. एसीवरच्या टेल लाइटला साधा एलईडी लावू नका, फडफडतो आणि लवकर जातो. निळे-पांढरे लुकलुकणारे दिवे मागे लावायला कायद्याने मनाई आहे. पोलिसांचं सोडा, मागच्या माणसाला ब्रेक दिसत नाही.

वायरींच्या रंगांवर किती विश्वास ठेवायचा? होंडाच्या पद्धतीत हिरवी अर्थ, तपकिरी टेल आणि पिवळ्या पट्ट्याची हिरवी ब्रेकची. यामाहात काळी अर्थ असते. म्हणजे एका कंपनीचं पाठांतर दुसरीकडे उपयोगाचं नाही, आणि बारा-चौदा वर्षांच्या गाडीत मधल्या कुठल्या मिस्त्रीने हाताशी होती ती वायर जोडलेली असते. टेस्टर लावूनच ठरवा.

वायरिंग सेट खरोखर बदलायची वेळ केव्हा येते तेही सांगतो. हार्नेस एकदा जळून आत वायरी एकमेकींना वितळून चिकटल्या असतील, उंदराने टाकीखाली ठिकठिकाणी कुरतडलं असेल, किंवा गाडी पुरात हँडलपर्यंत बुडाली असेल आणि दर महिन्याला नव्या जागी वायर काळी सापडत असेल, तर जोड देत बसण्यापेक्षा सेट टाकलेला स्वस्त पडतो. एका होल्डरचा अर्थ गेला म्हणून नाही. आणि तुमच्या बाबतीत सेट टाकला असता तरी जुना होल्डर तोच राहिला असता. जोड होल्डरच्याच पत्र्यावर कुजलेला असेल, तर सगळे पैसे घालूनही दिवा तसाच मंद.